कानात कापूस घालणारा भाडेकरू

त्याच्या कानांत कायम कापूस असायचा, आणि बहिरा मात्र मी होतो. आता हे कबूल करायला लाज वाटत नाही. चाळीस वर्षं खात्यात लूमच्या मधोमध उभा राहिलो, कान कुठले राहायला? खातं म्हणजे आमच्या सुरतेत लूमचा, यंत्रमागाचा कारखाना. पण तेव्हा कोणी मला बहिरा म्हटलं की मी त्याच्या अंगावर जायचो. म्हणायचो, मला सगळं ऐकू येतं, तुम्ही लोकच पुटपुटता.

तो आमच्या अगाशीवरच्या, म्हणजे गच्चीवरच्या, खोलीत भाड्यानं राहायला आला तेव्हा तिशी ओलांडलेला होता. केस मानेपर्यंत, पुढून मात्र टक्कल पडायला लागलेलं. बाप त्याचा आमच्याच धुळ्याकडचा, आमच्यासारखाच लूमवर राबून गेलेला. हा दिवसा भेस्तानला भरतकामाच्या मशिनी दुरुस्त करायचा आणि बाकीच्या वेळात बँड. बँड म्हणजे लग्नातला नाही. रॉक म्हणतात म्हणे त्याला. चार जण, काळे कपडे, एवढाल्या स्पीकरच्या पेट्या. सुरतेच्या उन्हात काळे कपडे घालून फिरणारा माणूस एकतर दुःखात असतो नाहीतर डोक्यानं सरकलेला. हा कोणता, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

पहिल्याच दिवशी आमच्या बायकोनं त्याला विचारलं, "तुन्हा कानमां काय घालेल शे रे भाऊ?"

त्यानं खिशातून काडेपेटी काढली. कानांतले दोन्ही बोळे काढून नीट तिच्यात ठेवले, पेटी बंद केली आणि म्हणाला, "बोल माय."

ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण मग हे रोजचंच झालं. ज्याचं ऐकायचं त्याच्यासाठी बोळे काढायचे, पेटीत ठेवायचे. बोलणं पटलं नाही की समोरच्याच्या तोंडावर पेटी उघडून परत कानात घालायचे. गल्लीतल्या बँकवाल्या भाऊंशी तो असंच करायचा. हे भाऊ बँकेतून रिटायर झालेले, शुद्ध बोलणारे. त्यांचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत कापूस कानात. भाऊ म्हणायचे, "हा शुद्ध उद्धटपणा आहे!" तो मान हलवायचा, जणू कौतुकच ऐकलं.

माझ्यासाठी त्यानं कधी कापूस काढला नाही. म्हणायचा, "आप्पा, तुमचं कापसातूनही येतं."

एकदा आमची दोघांची ताटं घ्यायला तो आमच्याबरोबर भांड्यांच्या दुकानात आला. आम्ही आपले जाडी बघतोय, किंमत विचारतोय. यानं बोळे काढले आणि एकेक ताट नखानं वाजवायला सुरुवात केली. वीसेक ताटं वाजवली असतील. दुकानदार गुजराती, आधी गंमत बघत होता, मग वैतागला. "अरे भाई, जमवा माटे लेवानी छे के वगाडवा माटे?" म्हणजे जेवायला घ्यायचीत का वाजवायला? हा म्हणाला, "दोन्ही." शेवटी त्यानं एक ताट आमच्या बायकोच्या हातात दिलं, पोचा आलेलं. मी म्हटलं हे काय, पोचा आलाय. म्हणाला, "पोच्यामुळेच चांगलं बोलतंय." आणि आमच्या बाईनं तेच घेतलं! आजही मी त्याच ताटात जेवतो. बोलतं का नाही, मला माहीत नाही.

कोणताही आवाज त्याला आवडला की तो एकच विचारायचा, "ठेवू का?" आणि फोन पुढं करायचा. भाजीवाल्याला विचारायचा, दळण दळणाऱ्याला विचारायचा. एकदा आमच्या दारातल्या कुत्र्याला विचारताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलंय. कुत्रं भुंकलं. "ठेवलं," म्हणाला आणि वर निघून गेला.

आता त्या बँडचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला.

त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा आमच्या नवागाम वस्तीत पोरं वेडी झाली होती. काय तो आवाज! अगाशीवर ते वाजवायला बसले की खाली माझ्या ताटातलं वरण हलायचं. खिडकीचा पत्रा थरथरायचा. छातीत धडधडायचं, अगदी पहिली पाळी सुरू होताना सगळे लूम एकदम चालू व्हायचे तसं. बँकवाले भाऊ कान धरून यायचे, "आप्पा, तुमच्या भाडेकरूला आवरा, माणसं राहतात इथं." मी त्यांना हाकलून लावायचो. किती वर्षांनी मला एखादं गाणं नीट ऐकू आलं होतं. मी अगाशीवर जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "वा रे पठ्ठे! याला म्हणतात गाणं. कारीगराचं गाणं आहे हे."

 त्यानं खूश व्हायला पाहिजे होतं की नाही? माणसाचं तोंडच उतरलं. त्यानं काडेपेटी काढली, आणि मी बोलत असताना पहिल्यांदाच त्यानं बोळे बाहेर काढले. म्हणाला, "आप्पा, परत सांगा. तुम्हाला खरंच आवडलं?"

"खोटं कशाला बोलू?"

"शब्द काय होते?"

मी म्हटलं, शब्दांचं काय घेऊन बसलास, आवाज बघ की. त्यानं बोळे परत कानात घातले. नंतर किती दिवस मला वाटायचं, मी याला काय वाईट बोललो?

त्यानंतर दीडेक वर्ष वरून आवाज येईना. पेट्या खोलीत झाकून पडल्या. बायका मात्र वर जायला लागल्या. गल्लीतल्या चार-पाच जणी, त्यांत आमची. दुपारी पापड लाटायला अगाशीवर बसायच्या, हा कोपऱ्यात फोन ठेवून बसलेला. मला वाटायचं, बायकांत बसून गप्पा मारतोय, कामधंदा नाही याला. एक-दोनदा मी म्हटलंही तिला, "त्या येड्याजवळ काय बसता गं दिवसभर?" ती काहीतरी म्हणाली. मी हं म्हटलं. काय म्हणाली ते तेव्हाही कळलं नव्हतं. आमचं बरंचसं बोलणं तिच्या शेवटच्या वर्षांत असंच व्हायचं. ती बोलायची, मी हं म्हणायचो.

मग दुसरा अल्बम आला आणि गल्लीत भांडणं लागली.

ड्रम नाही, गिटार नाही, काही नाही. बायकांचे नुसते आवाज, कुठं भांडं वाजल्यासारखं, कुठं लांबून लूम, असं लोक सांगत होते. आमच्या खानदेशात कानबाईच्या सणाला बायका म्हणतात तसली गाणी, पण तीही तशी नाहीत, अर्धीमुर्धी. आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटी अकरा सेकंद काहीच नाही. त्या अकरा सेकंदांवरून चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. ड्रम वाजवणारा पोरगा बँड सोडून गेला. जाताना सगळ्यांसमोर ओरडला, "मी आता काय टाळ वाजवू का? आणि शेवटी ते काय ठेवलंय? फाइल कापायची विसरला हा, दुसरं काही नाही!" काळे कपडेवाली पोरं याच्या मोटरसायकलवर घाण घाण लिहून गेली. आणि बँकवाले भाऊ? जे कान धरून यायचे, ते आता लारीवर उभं राहून सांगायचे, "ते मौन आहे, मौन. तुम्हाला नाही कळायचं." म्हणजे शिव्या देणारे कौतुक करायला लागले आणि कौतुक करणारे शिव्या द्यायला लागले. माझं डोकंच चालेना.

मी सरळ त्याला जाऊन विचारलं, "चांगलं चाललं होतं, मोडलंस का?"

ड्रमवाल्याला त्यानं सांगितलं होतं, कंटाळा आला. भाऊंना सांगितलं होतं, पहिल्या अल्बममध्येही हेच होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. मला म्हणाला, "तुमच्यामुळे, आप्पा."

"माझ्यामुळे? मी तर वा म्हटलं होतं!"

"म्हणूनच," म्हणाला आणि कापूस कानात.

आता सांगा, याला काय म्हणायचं? मी फार चिडलो. आणि त्या चिडीतच अल्बम ऐकवायच्या कार्यक्रमाला समाजाच्या वाडीत गेलो. वाडी म्हणजे इथं लग्नकार्याचा हॉल.

वाडी गच्च भरली होती. एका बाजूला पोरं, एका बाजूला बायका, मध्ये आम्ही जुने कारीगर. त्यानं स्टेजवर एक स्पीकर ठेवला, स्वतः खाली मांडी घालून बसला आणि अल्बम लावला. लोक गप्प झाले. मी वाट बघतोय. लोक समोर बघतायत, बायका माना डोलवतायत, एक-दोघी डोळे पुसतायत, आणि मला काही म्हणजे काही वाजतंय असं वाटेना. बराच वेळ मी धीर धरला. पोरं हू हू करायला लागल्यावर मीही उठलो. म्हटलं, सगळ्यांचंच तेच मत आहे. ओरडलो, "अरे, बंद कर हे! काय लोकांना बनवतोस? काही वाजतच नाही याच्यात! काहीच नाही हे!"

माझा आवाज मोठा. खात्यातल्या माणसाचा आवाज. सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यानं स्टेजवर बसूनच कानांतले बोळे काढले, पेटीत ठेवले आणि तो गलका डोळे मिटून ऐकत बसला. नंतर कुणाला तरी म्हणाला म्हणे, "पोरं सुरात ओरडत होती."

आमची बायको बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, हसतेय.

घरी येताना मी पुढं चालत होतो. ती मागून, माझ्या डाव्या बाजूनं. डावा कान माझा पार गेलेला. ती काहीतरी बोलली एवढं जाणवलं. मी मागं वळलो नाही. हं म्हटलं.

त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली. काविळीचं निमित्त झालं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एवढंच की खाट रिकामी झाली आणि घरात पुटपुटणारं कोणी राहिलं नाही.

तेराव्यानंतर बँकवाले भाऊ भेटायला आले. समोर बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड बघितलं की मला बरंच कळतं, कारण खात्यात आमचं बोलणंच तसं. लूमच्या गोंगाटात ओरडून उपयोग नाही, म्हणून कारीगर आवाज काढतच नाही, नुसते ओठ हलवतो. चार लूम सोडून पलीकडचा माणूस ते वाचतो. आमची बाई त्याच खात्यात बॉबिन भरायला होती. आमचा सगळा संसार तिथं ओठांवर चालला. पण बाहेरचे लोक मान खाली घालून बोलतात, तोंडापुढं हात धरतात. कसं कळणार?

भाऊ म्हणाले, "वहिनींचा आवाज काय होता हो!"

मी म्हटलं, "हो, कधी चढवून बोलली नाही."

भाऊ पुढं सरकले. मग तोंड माझ्यापुढं आणून सावकाश म्हणाले, "अल्बममधला म्हणतोय मी. शेवटचं गाणं. ते वहिनींचंच आहे ना?"

मी तसाच जिना चढून अगाशीवर गेलो. तो पेट्या बांधत होता. घर सोडायचं ठरवलं होतं त्यानं, बँड मोडला होता. मी त्याची गचांडी धरली. पासष्ट वर्षं उलटलेला माणूस मी, पण हात अजून लूमचे आहेत. म्हटलं, "तिचं गाणं होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस? मी तिच्यासमोर, भरल्या वाडीत, काहीच नाही हे म्हणालो! का नाही सांगितलंस?"

तो काहीतरी बोलला. मला कळेना. ओरडला तरी कळेना. शेवटी त्यानं माझे हात सोडवले, मला पेटीवर बसवलं, समोर बसून खात्यातल्यासारखे ओठ हलवले. त्यालाही येत होतं ते, बापाकडून शिकलेला, अर्धवट का होईना. तो म्हणाला, "माय म्हणाली, सांगू नको. त्यांना ऐकू येत नाही हे त्यांना कळेल. त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं आणि ती ते झाकून चालली होती. मला राग आला का रडू आलं, मलाच कळलं नाही. 

मग त्यानं जुना फोन काढला. म्हणाला, "आवाजाबरोबर चित्रही घेतलं होतं. फोन डब्याला टेकवून ठेवला होता."

त्यात ती होती. याच खोलीत, जमिनीवर, पुढ्यात लाटलेल्या पापडांची चळत. ओठ हलत होते. आणि मी ते गाणं ओळखलं. ऐकलेलं नव्हतं मी ते कधी, पण पाहिलेलं होतं, हजार वेळा. बॉबिन भरताना ती हेच म्हणायची. खात्यात कोणालाच ऐकू जायचं नाही म्हणून बिनधास्त म्हणायची. सासरी निघालेली पोरगी गावच्या विहिरीला सांगते, माझी घागर काठावरच ठेव, मी येईन. आवाजाचं मला ठाऊक नाही, पण ते गाणं मला तोंडपाठ होतं.

गाणं संपलं. तिनं मान वर केली, फोनच्या वर कुठंतरी बघितलं आणि ओठ परत हलले. आवाज नाही, असं तो म्हणाला. नुसते ओठ. मग ती गप्प झाली आणि चित्र संपलं.

त्यानं बोळे काढले. पेटीत ठेवले. पेटी बंद केली. "आप्पा, हेच ते अकरा सेकंद. मी मायला विचारलं होतं, शेवटी काय म्हणालीस. ती हसली, म्हणाली, ते तुन्हं नव्हे. मला ती खात्याची बोली एवढी वाचता येत नाही. माय काहीतरी म्हणत होती, मग मी ते कापू कसं? म्हणून तसंच ठेवलं. लोक काय काय म्हणाले. तुम्ही सांगा. काय म्हणाली माय?"

मी म्हटलं, परत लाव.

परत लावलं. आणि मला ती दुपार आठवली. मला भूक लागली होती, घरात कोणी नव्हतं, मी वैतागून जिना चढून दारात उभा राहिलो होतो. हा कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता, त्यानं मला पाहिलंच नाही. ओरडायला तोंड उघडलं, आणि तिनं तिथूनच, खात्यातल्यासारखं, आवाज न काढता मला थांबवलं होतं. मला काय माहीत, आत काय चाललंय? मी आपला खाली गेलो आणि जेवलो.

"वरडू नका. भाकर झाकून ठेवलीय. जेवून घ्या."

एवढंच होतं. चार वाक्यंसुद्धा नाहीत. ज्याच्यावरून नवागामात माणसं भांडली, पोरांनी मोटरसायकल खराब केली, भाऊंनी मौन मौन केलं, ते हे.

मी त्याला सांगितलं. त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. मग म्हणाला, "आप्पा, तुमच्या तोंडून हे एकदा... ठेवू का?"

"नाही," मी म्हटलं. "हे माझं आहे."

त्यानं फोन मागं घेतला नाही. माझ्या हातात दिला. म्हणाला, "मग हाही तुमचा." पेट्या टेम्पोत घातल्या आणि गेला. कामरेजच्या बाजूला राहतो म्हणतात. परत काही वाजवतो का, ते मला माहीत नाही. काडेपेटी मात्र इथंच विसरला. का मुद्दाम ठेवून गेला, त्याचं काही सांगता येत नाही.

तो दुसरा अल्बम चांगला की वाईट, हे मला विचारू नका. मी तो ऐकलेलाच नाही. माझ्यामुळे केला म्हणाला, त्याचाही अर्थ मला पुरता लागलेला नाही. कधी वाटतं, पहिला अल्बम फक्त बहिऱ्याला आवडतो हे बघून तो घाबरला असेल. कधी वाटतं, त्या पोरांचे कान माझ्यासारखे होऊ नयेत असं त्याच्या मनात असेल. कधी वाटतं, काही नाही, येडा होता.

आणि त्या दिवशी वाडीतून येताना ती मागून काय म्हणाली, ते तर आता कुठल्याच फोनमध्ये नाही. रागावली होती का, का समजूत घालत होती, का भाजीच आणा म्हणत होती? मागं वळून एकदा तिच्या ओठांकडे बघायला काय झालं होतं मला? मी पुढं चालत राहिलो.

आता रोज बारा वाजता तो फोन त्या पोच्याच्या ताटाला टेकवून उभा करतो. गाणं बघतो. शेवटचे अकरा सेकंद बघतो. ती सांगते. मग फोन बाजूला ठेवतो आणि जेवून घेतो.